हातभार लागलेली बाग

यंदा गल्लीतलं पाणी कुणाच्याही घरात शिरणार नाही, असं मी भर बैठकीत सांगून टाकलं. मी! चुकून कुणाचा फोन लागला तरी ठेवू का म्हणायला ज्याला दहा मिनिटं लागतात, तो मी.

सगळ्यात सखल घर नर्सबाईंचं. दर पावसात त्यांची पुढची खोली भरते. या वर्षी पाणी आलं तर घर विकून कायमची भाच्याकडे जाईन, असं त्यांनी सांगितलं होतं. म्हणून मी तीन पुस्तकं वाचली आणि उपाय काढला : त्यांच्या दाराअलीकडे रस्त्याहून खोलगट बाग करायची. पाणी तिथे साचेल आणि जमिनीत मुरेल.

रविवारी सगळे कुदळी घेऊन आले. गुडघाभर खोदलं, रोपं लावली. मी पाटी लिहिली, चांगली चार परिच्छेदांची. या बागेला प्रत्येकाने हातभार लावावा, अशी सुरुवात. खड्ड्यात माती टाकू नये, हे शेवटी. आधी कारणं नकोत का द्यायला? एवढं कोण वाचणार, असं बायको म्हणाली होती.

पहिली ओळ मात्र सगळ्यांनी वाचली. रोपं खचल्यासारखी दिसतात म्हणून शिंप्याने मातीचं पोतं ओतलं. कुणी अडखळून पडेल म्हणून प्लंबरने दोन. मग गल्लीत चढाओढच लागली. मी खिडकीतून बघत होतो. तीनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. तिसऱ्यांदा थेट बागेपाशी पोचलो.

"काका, आता कशी भरल्यासारखी दिसते ना?" शिंप्याने विचारलं.

मी हो म्हणालो. वर त्याच्या पोत्याचं दुसरं टोकही धरलं.

पंधरा दिवसांत खड्ड्याची टेकडी झाली. मग एका दुपारी दोन तास पाऊस कोसळला. पाणी रस्त्याने धावत आलं, टेकडीवर आपटलं, आणि उजवीकडे नर्सबाईंकडे जायचं ते डावीकडच्या बोळात वळलं. त्या बोळात एकच दार उघडतं. आमचं, मागचं.

संध्याकाळी पुढचं दार वाजलं. नर्सबाई होत्या, मागे अर्धी गल्ली.

"काका, एक थेंब आला नाही हो घरात! भाच्याला कळवलंय, मी कुठे जात नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "पण एवढा उंच बांध घालायचं सुचलं कसं तुम्हाला?"

खरं सांगणार होतो. तोंडही उघडलं होतं.

"पुस्तकात होतं," मी म्हणालो.

मागे पलंगावर पाय वर घेऊन बसलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, आत बोलवा की त्यांना. पोहता येत असेल तर."

मी घाईने दार लोटून घेतलं. आतलं पाणी उंबऱ्यापर्यंत आलंच होतं. त्यांच्या कोरड्या चपलांवर गेलं असतं, तर बाईंना उगाच वाईट वाटलं असतं.