सौनातली गर्दी

यार्को हुत्तुनेन तसा सज्जन माणूस. दोष एवढाच, की त्याला शांतता सोसत नसे. आणि नशिबाने तो राहायचा कांगासवेसीत, जिथे माणसं हवापाण्याबद्दलसुद्धा विचारपूर्वक बोलतात.

मुलांच्या आइस हॉकी संघाच्या पालकसभेत प्रशिक्षक पेल्तोलांनी विचारलं, "यंदा संघाचं सामान कोण सांभाळणार?" रिवाजाप्रमाणे सगळे पालक आपापल्या बुटांकडे बघू लागले. जो मान वर करील तो सापडला, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. यार्कोने बरीच कळ काढली. मग, केवळ कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून, तो म्हणाला, "बर्फ बराच पडलाय नाही बाहेर?"

टाळ्या पडल्या. कपडे, काठ्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं यार्कोच्या गळ्यात.

यार्कोची मुलगी साइमी याच संघात खेळे, अकरा नंबरच्या जर्सीत. त्या वर्षी संघाने नवल केलं. विभागीय लीगच्या उपांत्य सामन्यात तो शनिवारी सकाळी जिंकला, आणि अंतिम सामना पडला रविवारी, मुस्तनिएमीशी. मुस्तनिएमीला हरवलेलं गावात कोणाला आठवत नव्हतं.

शनिवारी दुपारी यार्कोने जर्स्या धुतल्या. त्या वाळवायच्या सौनाच्या, म्हणजे वाफारा घ्यायच्या लाकडी कोठडीच्या, बाहेरच्या खोलीत. पण ती खोली छतापर्यंत टॉयलेट पेपरने भरलेली. (स्पर्धेच्या खर्चासाठी प्रत्येक घराने तो विकायचा असतो. यार्को गिऱ्हाइकाशी इतकं बोले, की गिऱ्हाईक दार लावून घेई.) तेव्हा त्याने सौनातच दोऱ्या बांधल्या, जर्स्या टांगल्या आणि बायकोला, हेन्नाला, घेऊन बाजारात गेला.

दर शनिवारी सासरेबुवा सौनासाठी येतात, त्यांच्याकडे किल्ली असते आणि ते कोणाची वाट बघत नाहीत, हे त्याला सॉसेज निवडताना आठवलं.

घरी आले तेव्हा वैनो आजोबा कमरेला पंचा गुंडाळून ओसरीवर निवांत बसले होते. अंगातून वाफा निघत होत्या.

"बाबा, सौना तापवलात?" यार्कोने विचारलं.

"हं."

"आत काही दिसलं नाही?"

आजोबांनी विचार केला. "गर्दी होती जरा."

"मग बोलायचं नाही का?"

"तुमचं घर, जावईबापू. तुमच्या चालीरीती. आम्ही कशाला बोलायचं?"

तेवढ्यात हेन्ना मागून म्हणाली, "पप्पा, पाठीवर अकरा कुठून आले तुमच्या?"

उष्णतेने चिकटवलेले आकडे उष्णतेनेच निघाले होते. अकरा आजोबांनी नेले, उरलेले बाकावर आणि भलत्याच जर्स्यांच्या बाह्यांवर लटकत होते. बिननंबरी संघाला मैदानात पाय ठेवू देत नाहीत.

साइमी आली, तिने लाल कोऱ्या जर्स्या बघितल्या आणि खुर्चीत बसली. "उद्या आम्ही खेळणार नाही ना, बाबा?"

यार्कोने बाकावरचा एक आकडा उचलून जर्सीवर दाबून बघितला. तो गळून पडला.

आजोबा उठले. हॉकीच्या काठीला गुंडाळायची पांढरी चिकटपट्टी त्यांनी मागितली, कात्री घेतली आणि एकेक आकडा कापून बसवू लागले. साइमी नंबर सांगे, ते "हं" म्हणत. शेवटी अकरा राहिले.

"हे मी करतो," यार्को म्हणाला. "दोन तर रेघा. त्यात काय?"

हेन्नाने त्याच्याकडे बघितलं, पण ती शेवटी वैनोंचीच मुलगी.

रविवारी सामना शेवटच्या काही मिनिटांपर्यंत बरोबरीत होता. तेव्हा साइमीच्या काठीत मुस्तनिएमीचा एक धिप्पाड पोरगा अडकून पडला. पंचांनी शिट्टी फुंकली. यार्कोने डोळे मिटले. साइमी बाहेर म्हणजे खेळ खलास.

"एक नंबर, दोन मिनिटं बाहेर," पंच म्हणाले.

एक नंबर होता गोलकीपर. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नाक खाजवत होता. यार्कोने डोळे उघडले, तर साइमीच्या पाठीवर एकच रेघ; दुसरी बर्फावर पडलेली. पेल्तोलांनी गोलकीपरकडे बघितलं, साइमीच्या पाठीकडे बघितलं आणि अस्सल कांगासवेसीकरासारखे गप्प राहिले. गोलकीपरची शिक्षा नियमाने दुसराच कोणी भोगतो. त्यांनी संघातला सर्वांत संथ पोरगा बाकावर बसवला. साइमीने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी ओठ मिटले. तिनेही मिटले.

आणि मग तिने गोल केला.

आठवडाभर यार्को भेटेल त्याला सांगत होता, की कप गावात आला तो त्याच्या रेघेमुळे. आजोबांचा एकही आकडा जागचा हलला नाही हो, पण काय उपयोग? एका माणसाकडून मात्र शाबासकी यायची राहिली होती.

शनिवारी सासरे-जावई सौनात बसले. यार्कोने तापल्या दगडांवर पाणी टाकलं, सामना पुन्हा पहिल्यापासून सांगितला, पुन्हा पाणी टाकलं आणि वाट बघितली. बऱ्याच वेळाने आजोबांनी घसा खाकरला. यार्को सरसावून बसला.

"मागच्या शनिवारी," आजोबा म्हणाले, "सोबत बरी होती."

"कोणाची, बाबा?"

"जर्स्यांची."