मरणाला वन्स मोअर

मांडी घाला बाळांनो, आणि चुळबुळ बंद. एका जंगलात नाटकाचं भलतंच वेड होतं. एखादा प्रवेश आवडला की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडायचे आणि नटाने तो पुन्हा करून दाखवायचा. मग तो मरणाचा का असेना!

तिथला राजा रणमर्दन वाघ. जुलमी म्हणजे किती? सकाळी ज्याची तक्रार ऐकायचा, दुपारी त्यालाच खायचा.

यंदाच्या नाटकात जुलमी राजा झाला होता गुणवंतराव अस्वल. पाचव्या अंकात हा राजा ‘प्रजाजनहो, मी चुकलो!’ म्हणत उंच सिंहासनावरून कोसळतो आणि मरतो. प्रेक्षक नुसते वेडे झाले. त्या मरणाला सात वन्स मोअर मिळाले.

पहिल्या रांगेत बसलेल्या वाघाचा जळफळाट झाला. नाटक आपल्यावर आहे हे त्याला कळलंच नाही. टाळ्या आपल्याला नाहीत, एवढं मात्र कळलं.

“उद्या ती भूमिका आम्ही करणार,” तो म्हणाला. “आणि गुणवंतराव, तुमच्यापेक्षा एक जरी वन्स मोअर कमी पडला, तर तुम्ही आमच्या पोटात!”

झालं! गुणवंतरावाच्या तोंडचं पाणी पळालं. बिचारा बिळाबिळांतून विनवण्या करत फिरला.

“साळूवहिनी, पाया पडतो. उद्या ओरडा हो, नाहीतर मेलो मी!”

साळूवहिनी म्हणजे साळिंदरीण. तिच्या घरधन्याला वाघाने गेल्याच आठवड्यात खाल्लं होतं.

“त्यात काय भावोजी? घसा फुटेस्तोवर ओरडते.”

दुसऱ्या दिवशी वाघ कोसळला. “वन्स मोअर!” पुन्हा चढला, पुन्हा ‘मी चुकलो!’, पुन्हा धाडकन. आठवा वन्स मोअर आला तसा विंगेतल्या गुणवंतरावाचा जीव भांड्यात पडला.

“महाराज, जिंकलात! आता पुरे,” तो कुजबुजला.

“गप्प!” वाघ धापा टाकत म्हणाला. “लोकांना मी मरायला हवाय.”

एकतिसाव्या वेळी तो उठलाच नाही. साळूवहिनी तरी बराच वेळ ओरडत होत्या.

गुणवंतराव ढसाढसा रडला. जीव वाचला म्हणून थोडं, आणि इतके वन्स मोअर आपल्याला या जन्मी मिळायचे नाहीत म्हणून बरंच.

सिंहासन रिकामं, राजाचा पोशाख त्याच्याच मापाचा. सगळ्यांनी त्यालाच राजा केलं. त्याने पहिला हुकूम वाचला, “आजपासून पाचवा अंक बंद. ओरडेल त्याला कैद.”

साळूवहिनींनी घसा खाकरला.

“वा भावोजी, काय वाचलंत! जरा उंचावर चढून वाचा की. वन्स मोअर!”

तात्पर्य: जुलमी राजाला कधीही शिव्या देऊ नयेत. भरभरून दाद द्यावी.