कन्व्हेन्शनल शब्दाची लढाई आणि अनुबाईंची फत्ते

श्रीशारदा प्रसन्न. जी मुक्यास शब्द देते आणि शब्दास अर्थ देते, तीस नमन करून वर्तमान लिहिले जाते ऐसे की, शके सतराशे बेचाळीस, विक्रम नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध तृतीयेस प्रातःकाळी राज्याचे दुभाषे धोंडोपंत कैलासवासी जाहले. पंतांस पुत्र नाही, एक कन्या अनुबाई, तीस पंतांनी इंग्रजी शिकविली होती आणि आदले दिवशी तिचा हात धरून बोलिले, "अनू, अग्नी तूच दे." मग दारी माणसे जमली, महाराज खासा पायी आले, आणि अनुबाईंनी पित्याचे वचन सांगताच पुतणे विसाजीपंत पुढे सरून बोलिले, "ताई, बायकांनी चूल फुंकावी, चिता नव्हे." बाई बोलिल्या, "चूल मी रोज पेटविते, दादा. विस्तव मला नवा नाही." मग महाराजांनी उपाध्ये नारोभटांस पुसिले. भटजी बोलिले, "शास्त्रात वाट निघेल, महाराज. पण रूढी नाही." मसलत अडली.

त्या काळी राज्यात टोपीकर साहेबाचे मत घेतल्याविना पापडही वाळत नसत. साहेब समाचारास आलाच होता, परंतु नवा, दुभाष्याविना त्यास पाणीही मागता येईना, आणि दुभाषे तर तिरडीवर निजलेले. विसाजीपंतांस इंग्रजी शब्द दहा येत. त्यांनी आपल्या छातीकडे बोट केले, मडक्यातील विस्तवाकडे केले, आणि पुसिले, "मी, फायर. गुड?" साहेबाने खांदे उडविले आणि बोलिला, "कन्व्हेन्शनल." मग विसाजीपंत गर्जले, "ऐकिले? कानून-शनल! साक्षात कानूनच तो! आता काय बोलणे राहिले?" आणि सरदारांनी माना डोलविल्या, आणि विसाजीपंतांनी मडके उचलण्यास हात घातला.

तेव्हा अनुबाई घरात गेल्या. लोक समजले, रडावयास गेल्या. बाई पंतांची शब्दांची वही घेऊन आल्या, पंतांचे वळणदार अक्षर क्षणभर पाहिले, आणि स्वर न हलविता वाचिले, "कन्व्हेन्शनल. विशेषण. मूळ लातीन, मिळून येणे. चार माणसे मिळून आली, त्यांनी ठरविले, मग पुढल्यांनी चालविले, ते. तहात आल्यास अर्थ उभयमान्य. चित्रास वा काव्यास लाविल्यास अर्थ शिळे. रीतीस लाविल्यास अर्थ रूढ. सावध: रूढ म्हणजे कायदा नव्हे, आणि देवाची आज्ञा तर नव्हेच." मग बाईंनी साहेबास त्याच्या भाषेत पुसिले, अर्थ बरोबर की नाही. साहेबाने टोपी काढिली, वहीस लवून मान दिला, आणि तीन वेळा "येस" म्हणाला. तितके इंग्रजी सर्वांस समजले.

महाराज हसले आणि बोलिले, "विसाजीपंत, आपला कानून तर फुटला. चार माणसांनी ठरविलेले चार माणसांस फिरविता येते. पण माणसे मिळून आली पाहिजेत." तेव्हा मागून चंपा कासारीण ओरडली, "म्हाराज, आम्ही सकाळपासनं मिळूनच उभ्या हाय! आन किती मिळून यायचं?" सभा खळखळून हसली, मढे दारी असता हसली, आणि पंतांस ते आवडले असते. मग महाराजांनी हात वर केला, मागोमाग सरदारांनी, कासारांनी, तेल्यांनी हात वर केले, नारोभटांनी दर्भ सावरीत वर केला, आणि शेवटी विसाजीपंतांनीही अर्धा केला. हुकूम जाहला. अनुबाईंनी मडके उचलिले, पुढे चालिल्या, शिंगे वाजली, विसाजीपंतांनी खांदा दिला, आणि सूर्य माथ्यावर येण्याआधी कन्येने पित्यास अग्नी दिला. मागे वळून पाहिले नाही.

पुढे दुभाष्याची वस्त्रे महाराजांनी अनुबाईंसच दिली. तीस वर्षे लोटली, चार साहेब बदलले. पाचव्याने आपल्या देशी पत्र धाडिले की या राज्यात पुत्र नसल्यास कन्या अग्नी देते, आणि ही रीत येथे अगदी कन्व्हेन्शनल आहे. पत्राची नक्कल अनुबाईंकडे आली. बाईंनी पंतांची वही काढिली आणि त्या शब्दाखाली, जेथे पंतांनी उदाहरणासाठी एक ओळ कोरी सोडिली होती, तेथे ते वाक्य उतरिले.

सारांश, शब्द एक, दिवस एक, फत्ते कन्येची. इति.