डोमाजीभाऊंचा बिनदोरीचा नंदी

डोमाजीभाऊ टॉर्चचे सेल चाखून बघत. सगळ्या धानोऱ्याला हे ठाऊक होतं, पण मी शाळेवर नवीनच बदलून आलेलो. माझी टॉर्च पेटेना म्हणून त्यांच्या ओट्यावर गेलो, तर त्यांनी सेल काढला, बुडाला तारेचा तुकडा लावला, आणि तारेचं टोक व सेलची टोपी जिभेवर टेकवून वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटले. मग निकाल दिला, "आंबट हाय. सेल जिता हाय, मास्तर. तुमचा बल्बच गेला."

चांगला सेल आंबट, अर्धामुर्धा तुरट आणि मेलेला पांचट. भाऊंचं सगळं विजेचं शास्त्र या तीन चवींत मावायचं. गावात वीज नव्हती आणि वाघाच्या धाकानं अंधारात टॉर्चशिवाय कोणी अंगणातही उतरत नसे, त्यामुळे ओट्यावरचं त्यांचं टॉर्चदुरुस्तीचं दुकान बरं चाले. कामाच्या दिवशी चिंच, लिंबू, ताक वर्ज्य. लोक सोवळं पाळतात, भाऊ जीभ पाळत. असल्या माणसासाठी रोज रांधायचं म्हणजे काय, ते त्यांच्या बायकोलाच, भागरथाबाईंनाच ठाऊक.

दुकान टाकण्याआधी भाऊ लाकडाच्या ठेकेदाराकडे ट्रकवर क्लीनर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेले लष्करी ट्रक तेव्हा जंगलातून साग वाहत. त्यातला एक नाल्यात कायमचा बसला, तेव्हा भाऊंनी त्याची काच पुसायची मोटर सोडवून आणली. तिच्यावर त्यांनी सागाचा हातभर लांब ट्रक बनवायला घेतला. चाकांना सायकलच्या चेनचा तुकडा, हौद्यात सेलांची चळत, आणि तिथून निघालेली लांब तार हातातल्या बटनापर्यंत. बटन दाबलं की ट्रक पुढे जाई. मागे जाणं त्याला माहीतच नव्हतं. रोज संध्याकाळी तो तुळशीवृंदावनाला धडकायचा आणि भाऊ त्याला बैलासारखा चुचकारत उचलून वळवायचे. शेजारी हसत. भागरथाबाई मात्र उठून आत जात.

एकदा मी विचारलंच, हा खटाटोप कशासाठी. म्हणाले, तान्ह्या पोळ्याला नेणार.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा. चाकांवरचे लाकडी नंदी दोरीनं ओढत पोरं मारुतीच्या पारापर्यंत जातात, मग घरोघर फिरून बोजारा मागतात. कोणी पैसा देतं, कोणी खाऊ. भाऊंच्या घरात तर पोर नव्हतं. मी गमतीनं म्हटलं, नंदीच्या रांगेत ट्रक कोण उभा करू देईल?

भाऊंनी आतून फडक्यात गुंडाळलेला एक नंदी आणला. रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरू, आणि चाकं अगदी कोरी. मुलगा झाला तेव्हा हौसेनं सुताराकडून करून घेतलेला. मुलगा बारशाआधीच गेला. तेव्हापासून तान्ह्या पोळ्याला बाई दार लावून घेत, त्या दिवशी चुलीवर सणाचं काही चढत नसे.

"याले एकदा पारापर्यंत नेऊन आणा लागते, मास्तर," भाऊ म्हणाले. "ओढाले कोणी नाई, म्हणून मोटर."



तान्ह्या पोळ्याच्या सकाळी भाऊ गावानं टाकून दिलेल्या सेलांचा ढीग घेऊन बसले होते. त्यातले जिते निवडायचे होते. मीही तिथेच होतो. तेवढ्यात आतून फोडणीचा वास आला. इतक्या वर्षांनी बाईंनी वडे केले होते आणि कढी केली होती. त्यांनी ताट भाऊंपुढे ठेवलं. भाऊंनी कढीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि वाटी तोंडाला लावली. वर आणखी एक मागून घेतली.

मग सेल चाखायला घेतले. एकूण एक आंबट. "आज सारेच जिते हायत," भाऊ म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी कढीबद्दलची माझी शंका गिळून टाकली.

नंदी ट्रकवर उभा राहिला, घुंगरू वाजवत निघाला. पोरं आपापल्या दोऱ्या टाकून मागे धावली. भाऊ बटन धरून नवरदेवासारखे ताठ चालत होते. विहिरीपाशी ट्रक मंदावला, कण्हला आणि थांबला. भाऊंनी बटन पुन्हा पुन्हा दाबलं. शेवटी एक सेल काढून जिभेवर टेकवला आणि खाली मान घातली. पार अजून बराच लांब होता. कोणी हसलं नाही, याबद्दल मी धानोऱ्याचा कायमचा ऋणी आहे.

गर्दीतून भागरथाबाई पुढे आल्या. या दिवशी त्यांना रस्त्यावर कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी भाऊंच्या हातून तार घेतली आणि तळव्याला गुंडाळली.

"कढी म्या रांधली," त्या म्हणाल्या, "आता ओढीन बी मीच."

मोटर चाकांना अडवू नये म्हणून भाऊंनी वाकून चेन उतरवली. नंदी पारापर्यंत गेला.

परत येताना त्यांनी पहिलं दार माझंच वाजवलं. बाई पुढे, मागे नंदी, आणि त्याच्या मागे भाऊ, लाजलेल्या पोरासारखे. बाई म्हणाल्या, "बोजारा द्या, मास्तर." घरात गूळ होता, तो मी त्यांच्या पदरात घातला. भाऊंनी त्यातला एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि सवयीनं डोळे मिटले.

"गोड हाय," ते म्हणाले.

"मंग चला ना जी," बाई म्हणाल्या, "अजून लय घरं रायली."