हार्बर-आठचं बारसं

“वसंत यायच्या आत आपला वेगळा गट उभा नाही केला, तर नावाचा व्हर्लिन टॉलफसन नाही!”

चर्चच्या तळघरात, खजुराची वडी हातात धरून, तेहतीस माणसांसमोर व्हर्लिन हे बोलून बसला. फर्गस फॉल्ससारख्या भिडस्त गावात कुणी एवढ्या मोठ्याने बोलत नाही. त्यामुळे ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

ही माणसं आणि व्हर्लिन, असे चौतीस जण म्हणजे हार्बर-आठ या कॉम्प्युटरचा क्लब. कॉम्प्युटर चौदा वर्षांचा, कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलेला, पण यांच्या घरात अजून टुकटुक चालणारा! इंटरनेटवर ‘हार्बर’ नावाचा चर्चेचा गट होता, पण तिथे कंपनीच्या नव्या मशीनवाल्यांची दंगल. आपल्या कुणी बिचकत विचारावं, “माझी एक कळ अडकते हो,” आणि उत्तर यावं, “ते खोकं फेकून द्या!” दर महिन्याला एखादा खरंच फेकून देई आणि क्लबमधून गळे. दोन वर्षांपूर्वी हेच लोक साठ होते.

वेगळा गट मात्र मनात आलं म्हणून निघत नाही. आधी प्रस्ताव, मग नावावर जाहीर चर्चा, मग ईमेलने मतदान. ‘नाही’पेक्षा ‘होय’ निदान शंभराने जास्त हवेत. नापास झालात तर सहा महिने तोंड बंद. सहा महिन्यांत क्लबमध्ये आपण आणि कॉफीची किटली एवढेच उरू, हे व्हर्लिनला स्वच्छ दिसत होतं.

त्याने नाव सुचवलं, ‘हार्बर.ओल्ड’. आणि नाव ठेवायला जमलेली मंडळी नावं ठेवायला लागली! टेक्सासचा एक गृहस्थ उसळला, “ओल्ड कुणाला म्हणता?” एका म्युझियमवाल्याला ‘पुरातन’ हवं होतं. एकाने तर ‘हार्बर.स्वर्गीय’ सुचवलं आणि त्याच्यावर चार दिवस आग पाखडली गेली. सगळ्यात वाईट म्हणजे व्हर्लिनचा शाळेपासूनचा दोस्त, प्लंबर ड्वेन क्वाम, ‘हार्बर.क्लासिक’वर अडून बसला.

“ओल्ड म्हणजे भंगार वाटतं रे!” ड्वेन म्हणाला.

“आणि क्लासिक म्हणजे काय, साबण?” व्हर्लिन म्हणाला.

त्या शनिवारी दोघं गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेले आणि चार तासांत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नसत. ड्वेन रुसलाय हे व्हर्लिनला घरी आल्यावर बायकोकडून कळलं.

शेवटी ‘ओल्ड’च ठरलं आणि मतदान सुरू झालं. मतं मोजायला ओरेगनच्या कुणी पेट्राकिसबाई होत्या, तिऱ्हाईत, फुकट काम करणाऱ्या. मतपत्रिका मात्र त्यांचा कॉम्प्युटर वाचायचा. प्रत्येकाला उलट टपाली पोच यायची: तुमचं मत अमुक नोंदलं, चूक असल्यास कळवा. पहिलं मत अर्थातच व्हर्लिनने पाठवलं. पोच आली ती त्याने न वाचता छापून फायलीत लावली. स्वतःचं मत काय वाचायचं!

मग तीन आठवडे त्याच्या जिवाला घोर. निकालापर्यंत आकडे गुप्त! जेवताना तो ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशमधले मटार मोजू लागला.

“एवढी काळजी माझ्या ऑपरेशनच्या वेळी केली नव्हतीस,” त्याची बायको मार्लिस म्हणाली.

“तेव्हा शंभराने जिंकायचं नव्हतं!”

शेवटच्या रविवारी तळघरात सत्तरीच्या आर्डिसबाई ब्रेके त्याच्या कानाशी लागल्या. “अरे व्हर्लिन, त्या ओरेगनच्या बाईंचं पत्र आलं. म्हणे मी ‘नाही’ म्हटलं.”

व्हर्लिनच्या हातातली कॉफी बशीत आली. “तुम्ही लिहिलं तरी काय होतं?”

“नीटच लिहिलं की! ‘नाही नाही, माझी काहीच हरकत नाही, अवश्य काढा, होय.’”

“आणि चूक कळवली नाहीत?”

“इश्श! परक्या बाईला कशाला त्रास?”

“मलाही तेच आलंय,” मागून कुणीतरी म्हणालं. “मलाही.” “आम्हा दोघांनाही.”

व्हर्लिनला आता उलगडा झाला. इथे कॉफी विचारली तर माणूस दोनदा ‘नको नको’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा अर्धा कप घेतो. पण ओरेगनमधलं ते मशीन तिसऱ्यांदा विचारत नव्हतं! ते पहिला शब्द बघायचं आणि पुढे जायचं. अख्ख्या क्लबने स्वतःच्याच गटाला पाडायचा घाट घातला होता!

दोन दिवस तो फोनला चिकटून बसला.

“गेऱ्हार्ड, आत्ताच्या आत्ता बाईंना लिही!”

“नको रे, बिचारीला कामं असतील.”

“लिही!”

“बरं दिसत नाही रे ते.”

“गेऱ्हार्ड!!”

“बरं, तू म्हणतोस तर लिहितो. पण आधी माफी मागू ना?”

“माफी खाली! वर फक्त ‘होय’!”

असे बत्तीस फोन. ड्वेनला मात्र त्याने केला नाही. मानी माणूस, आणि दुसराही मानी.

शुक्रवारी निकाल आला. होय एकशे अडतीस, नाही एकोणचाळीस. व्हर्लिनने वजाबाकी तीनदा केली. नव्व्याण्णव!

एका मताने घात! आणि कोणी केला हे त्याला सांगायला नको होतं. त्याने फोन उचलला. “ड्वेन क्वाम! चाळीस वर्षांची दोस्ती एका ‘क्लासिक’पायी विकलीस! क्लब बुडाला! झालं समाधान?”

ड्वेन म्हणाला, “निकालाखाली नावांची यादी असते. ती वाचलीस?”

“ती कशाला वाचू?”

“माझं नाव ‘होय’मध्ये आहे. नाव भिकार आहे, पण मत दिलं. आता जरा ‘नाही’वाल्यांत ‘टी’ अक्षराखाली बघ.”

व्हर्लिनने बोट ठेवून वाचलं. थॉर्सन. टिमरमन. टॉलफसन, व्हर्लिन.

त्याने फाईल काढली. त्याचं पहिलं, मानाचं मत पोचेत जसंच्या तसं छापलेलं होतं: ‘नाही, घाई मुळीच नाही बाई, सवडीने मोजा, माझं होय.’

“ड्वेन... मला माफ कर रे.”

“ते राहू दे. मतात चूक असेल तर पाच दिवसांत दुरुस्त करून मिळते. तुझं एक इकडून तिकडे गेलं की फरक एकशे एकाचा होतो. लिही त्या बाईंना, गट झाला समज!”

मार्लिसने कीबोर्ड पुढे सरकवला. व्हर्लिनने बोटं कळांवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

“नको रे,” तो फोनमध्ये पुटपुटला. “आधीच बत्तीस जणांनी त्रास दिलाय बिचारीला.”