पानावरचा हात

आमचे भाऊजी जेवायला बोलावलं तर जेवत नाहीत, वाढतात.

आमंत्रण मुंजीचं असो, लग्नाचं असो, नाहीतर शेजारच्या सोसायटीतल्या सत्यनारायणाचं असो. दारातून आत आले की यजमानांना नमस्कार, गुरुजींना नमस्कार, आणि खांद्यावरचं उपरणं सरळ कमरेला. त्यानंतर ते दिसतात ते मठ्ठ्याची बादली घेऊन वाकलेलेच. एकदा कसब्यातल्या एका लग्नात त्यांनी जिलबीचा अख्खा फेरा ताब्यात घेतला होता. मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाकडचे. मुलाकडच्यांना वाटलं, केटररचे. केटररला वाटलं, मुलीचे काका आहेत, बोलून उपयोग नाही. निघताना मात्र त्यानेच त्यांना गाठलं. "काका, रविवारी मोकळे आहात का? एक मुंज आहे."

भाऊजी गेले होते.

भाऊजी म्हणजे मुकुंदराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत झाली. "आयुष्यभर पेठांना पाणी वाढलं," ते सांगतात. "पाण्याबद्दल तक्रारी आल्या. वाढण्याबद्दल आजतागायत एक नाही."

बुफे हा त्यांचा वैरी. "ताटली हातात धरून रांगेत उभं राहायचं? त्यासाठी येरवड्याला सरकारने सोय केलेली आहे." भराभर जेवणाऱ्यांबद्दलही मत असंच. "घाई असेल त्यांनी वडापाव खावा. पंगतीत बसू नये." आणि पंगतीचा कायदा एकच, शेवटचा ताकभात झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. बासुंदी झाली, हात सुकले, मुलाखतीला जायचं असलं तरी नाही. "ताकभाताशिवाय जेवण म्हणजे सही न करता टाकलेला अर्ज," असं सरकारी नोकरीतल्या माणसाला शोभेलसं ते म्हणत.

पण त्यांची खरी विद्या पानावरच्या हाताची. "नको हा शब्द ऐकायचा नसतो, बघायचा असतो," हे त्यांनी मला माझ्या पहिल्याच भाऊबीजेच्या पंगतीत शिकवलं. नको म्हणणाऱ्याचा हात पानाला टेकला असेल तर खरंच नको. पानाच्या वीतभर वर असेल तर अर्धी पोळी वाढायची. आणि हवेत नुसताच हलत असेल, तर त्याला दोन हव्या आहेत, पण घरचे वळण लावणारे होते.

या माणसाला वाढणारी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ताई. सगळ्यांची जेवणं उरकली की भाऊजी शेवटी पानावर बसत आणि पळी ताईच्या हातात जाई. "अगं नको, पुरे," असं म्हणत त्यांचा हात पार खांद्यापर्यंत वर जायचा. ताई त्या हाताकडे बघायचीसुद्धा नाही. माझ्याशी बोलता बोलता वाढून मोकळी व्हायची.

ताई गेली, आणि इथून पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी मूळचा न बोलणारा माणूस. वाईट वाटलं की घड्याळ बघतो. ताई गेली त्या वर्षी दिवाळी नव्हतीच. पुढच्या भाऊबीजेला भाऊजींचा फोन आला, "जेवायला ये." गेलो. बघतो तर पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी. रांगोळी भाऊजींनी काढलेली, म्हणजे स्वस्तिकाचा एक हात जरा लांब. उपरणं कमरेला. ओवाळायला कोणी नव्हतं, वाढायला मात्र ते तयार होते. मी मिठाईचा खोका टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "भाऊजी, गाडी चुकीच्या जागी लावलीय, उचलून नेतील." जिना उतरलो तो थेट घरी.

त्याच्या पुढच्या वर्षी तर मी उंबराही ओलांडला नाही. "ऑफिसात काम निघालंय," असं दारातूनच सांगितलं. भाऊबीजेच्या सुट्टीला ऑफिसात कसलं काम निघतं, हे भाऊजींनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले. त्यांच्या हातात पळी होती. ती पळी मला वर्षभर दिसत राहिली, आणि दर वेळी मी घड्याळ बघितलं. ताई ओवाळायला नसलेला तो पाट बघून माझा घास घशाखाली उतरणार नाही, हे खरं होतं. पण त्यांचा कसा उतरत असेल, हा विचार मी केला नव्हता, हे जास्त खरं.

यंदा दिवाळीच्या आधीच त्यांचा फोन आला. मी मनात सबबी लावून ठेवल्या होत्या.

"सुधीर, भाऊबीजेला मोकळा आहेस?"

"भाऊजी, त्याचं असं आहे..."

"घरी नाही बोलावत. बोटीवर जाऊ. मुंबईला बंदरातून फिरवतात आणि जेवायला घालतात. मेधालाही आण. तिकिटं काढलीत."

माझ्या सगळ्या सबबी घरी न येण्याच्या होत्या. बोटीसाठी एकही तयार नव्हती.

मेधा, म्हणजे माझी बायको, हसतच सुटली. "भाऊजी आणि बोट? लकडी पुलापलीकडे जायचं तर ते स्वेटर घेतात." खोटं नव्हतं. समुद्राबद्दल त्यांचं मत होतं की, पाणी बघायचं तर मुठेला पूर आला की पुलावर उभं राहावं, फुकट दिसतं, आणि चार ओळखीची माणसंही भेटतात.

भाऊबीजेच्या सकाळी स्टेशनवर ते आमच्या आधी हजर. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं, आणि हातात एक जड पिशवी. ती पिशवी त्यांनी मुंबईपर्यंत मांडीवर घेतली. मला उचलू दिली नाही.

धक्क्यावर सुरक्षारक्षकाने ती उघडायला लावली. आत एक भलामोठा थर्मास होता.

"इसमें क्या है?"

"ताक."

"क्या?"

"छास. हिंग लावलेली."

शुभ्र गणवेशातला बोटीचा मॅनेजर पुढे आला. माणूस मराठीच निघाला. "काका, बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही."

"बाहेरचं नाही, घरचं आहे," भाऊजी म्हणाले. "बाहेरचं तुमचं. आणि तेही आम्ही खाणारच आहोत." रक्षकाने झाकण उघडून वास घेतला, परत घेतला, आणि पिशवी आत सोडली.

बोट सुटली. वारा छान होता. डाव्या हाताला नौदलाची करडी जहाजं उभी होती, लांबवर तेलाच्या टँकरची रांग, आणि समुद्रपक्षी आमच्याबरोबर येत होते. सगळे कठड्याला लागून फोटो काढत होते. भाऊजींची पाठ समुद्राकडे होती. ते बुफेच्या टेबलाकडे बघत होते.

"एवढा समुद्र मोकळा पडलाय," ते म्हणाले, "आणि माणसांना रांगेत उभं केलंय."

"भाऊजी, आज जाऊ दे," मेधा म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतोय," असं म्हणत त्यांनी उपरणं कमरेला बांधलं.

पुलावाचं भांडं कोणी उचलून नेईल अशी बोटीवरच्या लोकांना कल्पना नसावी, म्हणून कोणी अडवलं नाही. शेजारच्या टेबलावर अहमदाबादचं एक कुटुंब होतं. त्यांच्यापासून सुरुवात झाली. "बसा, बसा. बैठिए. आप क्यों उठते हैं?" तिथले आजोबा म्हणाले, "बस, भाई, बस." आजोबांचा हात हवेत हलत होता. भाऊजींनी दोन पळ्या वाढल्या. आजोबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की त्यांच्या सुनेने मोबाईल समुद्रावरून काढून भाऊजींवर धरला. मग पुऱ्या झाल्या, पनीर झालं. एका नवविवाहित जोडप्यातल्या मुलीला ते म्हणाले, "तू हात टेकवलास, तुला खरंच नकोय. याचा मात्र वर आहे. याच्यावर लक्ष ठेव, हा बोलायचा नाही." लोक हसत होते. काही जण आपली ताटली घेऊन त्यांच्या वाटेत येऊन बसत होते.

तेवढ्यात मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. "सर, ते काका तुमच्याबरोबर आहेत का?"

आणि मी म्हणालो, "नाही."

एवढंच म्हणालो. मग समुद्राकडे बघितलं, आणि सवयीने घड्याळाकडे. मेधा माझ्याकडे बघत होती, ते न बघताही कळत होतं. मॅनेजर पुढे गेला, तेव्हा त्याच्यामागे पुऱ्यांचं भांडं घेऊन भाऊजी उभे होते.

त्यांनी माझ्या ताटात एक पुरी ठेवली. "घ्या," ते म्हणाले. मला ते उभ्या जन्मात अहो-जाहो करत नाहीत. "एकटेच आलात वाटतं?"

आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मॅनेजरने त्यांना गाठलंच, पण अहमदाबादचे आजोबा मध्ये पडले. "अरे, रहने दो. तुमने तो पूछा भी नहीं कि खाया या नहीं." मॅनेजर बाजूला सरला. बोटीवरचे वाढपी हात बांधून उभे राहिले. मी पुरी तोडत होतो. ती काही संपत नव्हती.

बोट वळली. जेवणं आटोपली, गाणी लागली, लोक वरच्या मजल्यावर नाचायला आणि फोटोंना गेले. खालची टेबलं ओस पडली. तेव्हा कुठे भाऊजी आले आणि माझ्यासमोर बसले. कपाळाचा घाम उपरण्याने पुसला. त्यांच्यासमोर कोरी ताटली. बुफेवरचा थोडा पांढरा भात त्यांनी एका वाडग्यात आणला होता. पिशवीतून थर्मास काढला, एक छोटी पळी काढली. तीच पळी होती.

मी अर्धवट उठलो. पाय आपोआपच उठले. "मी जरा वर जाऊन येतो, भाऊजी. फोन..."

"जा की," ते म्हणाले. "वर जा, खाली ये. धक्का लागेपर्यंत बोटीतच आहेस."

मी उभाच राहिलो.

"घरी बोलावलं की तू उठून जातोस," पेठेत पाणी कधी येणार ते सांगावं अशा आवाजात ते बोलत होते. "म्हटलं, जिथून उठून जाता येत नाही अशी जागा बघावी. विमान परवडत नाही. बोट होती."

मेधाने माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं.

"भाऊजी, मी मघाशी त्याला..."

"ते जाऊ दे. मी कमरेला उपरणं बांधलं की तुझी ताईसुद्धा मला ओळख दाखवायची नाही." ते भात मोकळा करत होते. "दोन वर्षं तुझं पान मीच जेवलो. टाकायचं कसं, म्हणून. आता नाही झेपत दोन पानं या वयात."

त्यांनी माझ्या ताटलीत भात वाढला आणि त्यावर ताक घातलं. हिंगाचा आणि जिऱ्याचा वास आला. ताई लावायची तसाच, अगदी तसाच.

"सणाला पहिलं काय विचारायची ती? माझ्या भावाचा ताकभात झाला का. पाहुण्यांनी भरलेलं घर असलं तरी आधी तेच. आता विचारत नाही कोणी. पण उत्तर तयार असावं की नाही माणसाकडे?"

मी जेवलो. पहिला घास उतरायला वेळ लागला. नंतरचे उतरले. भाऊजी माझ्या ताटलीकडे बघत होते, मी शेवटचं शीत उचलेपर्यंत. मग मांडीवर हात मारून म्हणाले, "झालं. आता उठ खुशाल."

मी उठलो नाही. त्यांच्यासमोरची ताटली अजून कोरी होती. सकाळपासून या माणसाने पाणी सोडून काही घेतलेलं नव्हतं, आणि हे एवढ्या मोठ्या बोटीत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पळी टेबलावर होती. मी ती उचलली.

"अरे, मला नको," ते म्हणाले. "मला भूक नाही. वाढता वाढता पोट भरतं माझं. नको, सुधीर, खरंच नको."

हात त्यांच्या खांद्याच्याही वर होता.

मी भात वाढला. मेधाने थर्मास पुढे केला, मी ताक वाढलं. जरा सांडलं. ते मान खाली घालून कालवायला लागले, आणि बराच वेळ नुसते कालवतच राहिले. मग जेवायला लागले. मी दुसऱ्यांदा वाढलं. हात पुन्हा वर गेला, पण आवाज आला नाही.

बोट धक्क्याला लागली. वरून लोक उतरू लागले, अहमदाबादचे आजोबा लांबूनच हात हलवून गेले. मॅनेजर आमच्यापाशी आला. "सर, उतरायचंय. पुढची फेरी लागायचीय."

"थांबावं लागेल जरा," मी म्हणालो. "आमचे भाऊजी जेवतायत."