बिनविरोध गोगटे

ताटलीत शेवटचा बटाटेवडा उरला की आपण मराठी माणसं काय करतो? एकमेकांकडे बघतो. "घ्या ना", "छे, तुम्ही घ्या", असं चालू राहतं आणि वडा गार होतो. गोगटे काका मात्र जमलेल्यांवरून एकदा नजर फिरवायचे, "कुणाची हरकत? नाही? बिनविरोध!" असं जाहीर करायचे आणि वडा उचलायचे.

आम्ही सिंगापूरच्या बेडोक भागात भाड्यानं राहायला आलो तेव्हा काका समोरच्याच दारात राहत. बोटीवर चीफ इंजिनिअर होते, मग इथल्या एका शिपयार्डात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पहिल्या भेटीत माणूस गाव विचारतो, फार तर पगार. यांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "मतदारसंघ कुठला तुमचा?"

"कोथरूड," मी म्हटलं.

"तिथला नव्हे हो. ही लिफ्ट ज्यात आहे तो!"

आता रॅफल्स प्लेसच्या बँकेत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या आणि एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याच्या, मुदतीकडे डोळे लावून जगणाऱ्या माणसाला इथल्या मतदारसंघाचं काय? पण तेरावा मजला येईपर्यंत मला सगळं समजावून झालं होतं.

इथे बऱ्याच ठिकाणी एका मतदारसंघातून एकच खासदार निवडून येत नाही, चार ते सहा जणांचा अख्खा गट येतो. मतही गटाला द्यायचं. "नुसता नवरा पसंत पडून भागत नाही, दीर-नणंदांसकट घर पत्करायचं," हा काकांचा दाखला. विरोधात उभं राहायचं तर तेवढीच माणसं जमवायला लागतात, त्यात एक तरी अल्पसंख्य समाजातला हवा. एक गडी कमी पडला तरी गट बाद. आणि समोर गटच नसेल तर मतदान नाही, आहेत ते निवडून आले. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीत होतं तसं.

आमच्या मतदारसंघाचा इतिहास काकांना शाळेतल्या पाढ्यांसारखा पाठ होता. आधी किती जणांचा होता, मग सहा जणांचा कधी झाला, कुठल्या वर्षी शेजारचे ब्लॉक याला जोडले आणि कुठल्या वर्षी काढून घेतले, सगळं सांगत. हद्द कुठल्या नाल्याच्या कडेनं जाते ते दाखवायला त्यांनी मला भर उन्हात हिंडवलं होतं. पण या इतिहासातल्या अलीकडच्या सगळ्या पानांवर एकच शब्द होता, बिनविरोध. काकांनी इथलं नागरिकत्व घेतल्यापासून तीन निवडणुका झाल्या आणि तिन्ही वेळा आमच्या ब्लॉकवर कुणाला मत द्यायची वेळच आली नाही. त्याआधी भारताचे नागरिक होते तेव्हा दर निवडणुकीला हे समुद्रात.

"साठी उलटली तरी मताच्या बाबतीत ब्रह्मचारी," काकू म्हणायच्या.

"आमचं लग्नसुद्धा बिनविरोधच बरं का," काका म्हणायचे. "हिला दुसरं स्थळच आलं नाही."

"तीन आली होती. एकालाही वेळेत अर्ज भरता आला नाही, त्याला मी काय करू?"

त्यातून हद्द नेमकी समोरच्या रस्त्यामधून गेलेली. मागच्या निवडणुकीत पलीकडे मतदान आणि अलीकडे शुकशुकाट. त्यावर काकांनी रस्ता ओलांडून पलीकडे घर घ्यायचं काढलं. "मतपत्रिकेवरच्या एका फुलीसाठी मी नवा ओटा करून घेणार नाही," असं काकूंनी सांगितलं आणि विषय संपवला. मग मतदानाच्या दिवशी काका पलीकडच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जाऊन बसले आणि भेटेल त्याला विचारत राहिले. रांग केवढी होती? पेन देतात की पेन्सिल? नाव मोठ्यानं वाचतात का? शेवटी कॉफीवाल्या चिनी माणसानं विचारलं म्हणे, "अंकल, यू रिपोर्टर आह?"

मी हसायचो. निवृत्त माणसाला काहीतरी नाद हवाच, कुणी बोन्साय करतं, यांनी मतदारसंघ धरलाय, एवढंच मला वाटायचं.

एकदा मात्र मी विचारलं की काकूंनी भारताचा पासपोर्ट ठेवला, मग तुम्हीच का सोडलात? काका नेहमीसारखे बोलले नाहीत. "बोटीवरून उतरलो ते इथे उतरलो. काम इथे, घर इथे. म्हटलं, अर्धवट राहू नये, पुरतं इथलं व्हावं," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पण एवढं सोडून आलो, तर या देशानं एकदा तरी विचारायला हवं होतं रे, की गोगटे, तुझं मत काय?" आणि त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं.

दोन हजार अकरामध्ये आमच्या भागात विरोधी गट उभा राहणार अशी बातमी आली. काकांचा विश्वास बसेना. अर्ज भरायच्या दिवशी ते टीव्हीपुढे उभेच होते. आमचा मतदारसंघ आता पाच जणांचा केला होता, आणि पाचही उमेदवारांनी दुपारी बाराच्या आत अर्जाच्या केंद्रावर हजर असायला हवं होतं.

"चारच दिसतायत," काका म्हणाले. "पाचवा कुठाय? अहो, पाचवा कुठाय?"

"बाथरूमला गेला असेल," काकू म्हणाल्या.

कॅमेरा नको तिकडे फिरत होता. शेवटी गर्दीतून पाचवे गृहस्थ चष्मा पुसत आले, आणि काका जे सोफ्यावर बसले ते जेवायला हाक मारेपर्यंत उठले नाहीत.

मतदानाच्या सकाळी काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. बुटांना पॉलिश. मी सोबत गेलो, पण मला शाळेच्या फाटकाशीच थांबावं लागलं. रांग जवळजवळ नव्हतीच, तरी काकांना बाहेर यायला बराच वेळ लागला. परतताना एवढंच म्हणाले, "नाव मोठ्यानं वाचलं रे माझं."

घरी काकूंनी शिरा केला होता. काका बूट न काढताच फोनकडे गेले. फोन देवगडला, त्यांच्या वडिलांना. अण्णा नव्वदीचे, शाळामास्तर होते, आणि उभ्या नोकरीत एकही निवडणूक त्यांनी ड्यूटीशिवाय काढली नव्हती.

काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "यांनी पासपोर्ट परत केला ना, तेव्हा अण्णा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, तिकडे मत तरी देता येतं ना? हे म्हणाले, हो. मग दर निवडणुकीनंतर अण्णा विचारायचे, दिलंस का? आणि यांना नाही म्हणवेना. देश सोडला आणि हातात काहीच आलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार? पलीकडच्या लोकांकडून ऐकून यायचे आणि अण्णांना रंगवून सांगायचे. आज सगळं खरं सांगून टाकतो म्हणालेत."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बाहेर फोन स्पीकरवर होता. अण्णांना ऐकू कमी येत असे.

"अण्णा, आज मी मत दिलं."

"मग? दर वेळी देतोसच की. त्यात काय सांगायचं?"

काका म्हणाले, "अण्णा, तेच सांगायचंय. याआधी मी..."

"गर्दी होती का रे?" अण्णांनी विचारलं. म्हाताऱ्याचा आवाज एकदम तरतरीत झाला होता. "आणि मागल्या खेपेला रांगेत भांडणारी ती छत्रीवाली बाई? ती आली होती का? परवाच मी शेजारच्या बापूला सांगत होतो तिची गंमत. सांग, सांग."

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. काकूंनी शिऱ्यावर झाकण ठेवलं.

"आली होती ना, अण्णा," काका म्हणाले. "नेमकी माझ्याच पुढे." त्यांनी खुर्ची ओढून घेतली, आणि सकाळी जिथे मोजून चार माणसं नव्हती, तिथली लांबलचक रांग ते अण्णांना अगदी सावकाश सांगू लागले.